वर्दी, दारू आणि ‘कुणाला कळेल?’ची भीती

अमेरिकेत पोलीस, अग्निशमन दलाचे जवान आणि रुग्णवाहिकेवरचे कर्मचारी यांच्या व्यसनमुक्तीसाठी आज खास सोयी आहेत. आधार द्यायला प्रशिक्षण घेतलेले सहकारी आहेत, कायदेही आहेत. पण हे सगळं उभं राहायला कित्येक दशकं लागली. कारण या माणसांना अडवत होती ती एकच भीती: आपण तोंड उघडलं, तर कुणाकुणाला कळेल?

एकाच दुखण्यातल्या माणसाने दुसऱ्याला आधार द्यायचा, ही मूळ कल्पना अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसची, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांच्या ‘एए’ या संघटनेची. १९३५ साली ओहायोतल्या अ‍ॅक्रन शहरात बिल विल्सन आणि डॉ. बॉब स्मिथ भेटले. दोघेही दारूच्या व्यसनाने पोळलेले. एका दारुड्याची घालमेल दुसऱ्याला न सांगता कळते, हे त्यांनी ओळखलं आणि त्यातूनच एए उभी राहिली. १९८६ साली पुण्यात सुरू झालेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रातही व्यसनातून बाहेर आलेली माणसंच पुढे समुपदेशक होतात, ती याच विश्वासावर.

पोलिसाला मात्र एएच्या सभेला जाऊन बसणं जड जायचं. काल ज्याला पकडलं, तोच शेजारच्या खुर्चीत निघाला तर? मग १९५० च्या दशकात शिकागो आणि बॉस्टनच्या पोलिसांत एएच्या धर्तीवर प्रयत्न सुरू झाले. न्यूयॉर्क पोलीस दलात १९६६ साली दलाचे धर्मगुरू मॉन्सिन्यॉर जोसेफ डन यांनी हे काम हाती घेतलं. धर्मगुरूने ते करावं हे मला फार बोलकं वाटतं. त्याच्यापाशी बोललेलं साहेबांपर्यंत जाणार नाही, एवढा तरी भरवसा होता.

तरीही अडचण सुटली नाही. न्यूयॉर्कमध्ये एखाद्या पोलिसाची मनःस्थिती ठीक नाही असं वरिष्ठांना वाटलं, की त्याचं पिस्तूल आणि बिल्ला काढून घेत आणि त्याला टेबलाच्या कामावर बसवत. दलात अशांना ‘रबरी पिस्तूलवाले’ म्हणून हिणवलं जाई. कमरेचं पिस्तूल गेलं की काही लपून राहत नसे. अशा वेळी मदत मागायची तरी कुणाकडे? १९९४ आणि १९९५ या दोन वर्षांत तिथल्या २६ पोलिसांनी आत्महत्या केल्या. त्यानंतर १९९६ मध्ये अडचणीतल्या पोलिसांना आधार देणारी ‘पोपा’ ही संस्था उभी राहिली. मदतीसाठी आलेला फोन उचलणारे पोलीसच, पण संस्था दलापासून स्वतंत्र. या स्वतंत्रपणामुळेच लोक बोलू लागले, असं माझं मत आहे.

त्याच वर्षी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा ‘जॅफी विरुद्ध रेडमंड’ हा निकाल आला. खटला व्यसनाचा नव्हता. इलिनॉयमधल्या एका महिला पोलिसाच्या गोळीने १९९१ मध्ये एक माणूस मेला होता. त्यानंतर ती एका समुपदेशिकेकडे जात असे. मृताच्या नातलगांच्या वकिलांना त्या भेटींच्या नोंदी हव्या होत्या, आणि तिने व समुपदेशिकेने त्या द्यायला नकार दिला. न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी सांगितलं की परवानाधारक समुपदेशकाशी झालेलं बोलणं गोपनीयच राहील. पण सहकारी पोलिसाकडे असा परवाना कुठला? रात्री दोन वाजता फोन उचलणारा मित्र या निकालाच्या कक्षेबाहेरच राहिला.

अग्निशमन दलाची गोष्ट थोडी वेगळी. हे लोक एकत्र राहतात, एकत्र जेवतात, त्यामुळे सहकाऱ्याचा आधार त्यांना मुळातच जवळचा. ११ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कच्या अग्निशमन दलाचे ३४३ जण गेले, तेव्हा दलाच्या समुपदेशन विभागाला आपलं काम कितीतरी पटींनी वाढवावं लागलं. पुढे २०१७ मध्ये अग्निशमन कामगारांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने मेरीलँडमधल्या अप्पर मार्लबरो इथे फक्त आपल्या सभासदांसाठी उपचार केंद्र उघडलं. तिथे व्यसनासोबतच मनावरच्या आघातावरही उपचार होतात.

सहकाऱ्याशी झालेल्या बोलण्याला केंद्र सरकारच्या कायद्याचं संरक्षण मिळायला नोव्हेंबर २०२१ उजाडलं, आणि तेही फक्त केंद्रीय यंत्रणांमधल्या पोलिसांना. आत्महत्येचा धोका किंवा गुन्ह्याची कबुली असे काही अपवाद त्यात आहेत, आणि पहिल्या भेटीआधी ते लेखी सांगावे लागतात. बाकीच्यांसाठी राज्याराज्यांचे नियम वेगवेगळे आहेत.