जेसनमधील तारखांचे रूपांतर

प्रोग्रॅममध्ये माहितीची देवाणघेवाण करण्याच्या जेसन या मजकुरी स्वरूपात स्ट्रिंग (मजकूर), संख्या, ऑब्जेक्ट, अ‍ॅरे, बूलियन (खरे-खोटे) आणि नल (रिकामे मूल्य) एवढेच प्रकार आहेत. तारखेला वेगळा प्रकार नाही. म्हणून प्रोग्रॅममधील डेट ऑब्जेक्ट पाठवताना त्याची स्ट्रिंग किंवा संख्या करावी लागते. या क्रियेला सिरियलायझेशन आणि उलट क्रियेला डीसिरियलायझेशन म्हणतात.

लिहिण्याची बाजू सोपी आहे. जावास्क्रिप्ट आयएसओ ८६०१ या मानकाच्या (१९८८) धर्तीवर आधी वर्ष, मग महिना, मग दिवस अशी यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेची स्ट्रिंग आपणहून बनवते. अवैध तारीख मात्र गाजावाजा न करता नल होऊन जाते. पायथनचे जेसन मॉड्यूल तारीख दिसताच एरर देते. हे जास्त प्रामाणिक म्हणायचे. काही प्रणाली १ जानेवारी १९७० पासूनचे मिलिसेकंद पाठवतात. ती संख्या सेकंदांची समजली गेली, तर तारीख हजारो वर्षे पुढे जाते.

जेसन परत वाचताना ती स्ट्रिंग स्ट्रिंगच राहते. ‘रिव्हायव्हर’, म्हणजे वाचताना प्रत्येक मूल्य बदलू शकणारे फंक्शन, लावून तिची पुन्हा तारीख करता येते; पण निव्वळ रूपावरून ओळखायला गेल्यास वापरकर्त्याने लिहिलेला तारखेसारखा मजकूरही रूपांतरित होतो. कोणत्या फील्डमध्ये तारीख आहे हे आधीच ठरवून ठेवणे बरे.

खरी मेख वेगळीच आहे: जावास्क्रिप्टचा डेट ऑब्जेक्ट कॅलेंडरवरचा दिवस नव्हे, काळातला एक क्षण साठवतो. यूटीसीच्या पाच तास पुढे असलेल्या ठिकाणी कोणी १ मार्च २०२४ ही जन्मतारीख निवडली आणि स्थानिक मध्यरात्र धरली गेली, तर जेसनमध्ये २९ फेब्रुवारीचे १९:०० वाजतात. सर्व्हरने पहिली दहा अक्षरे कापून घेतली की जन्मदिवस एक दिवस मागे. उलट ‘२०२४-०३-०१’ एवढीच स्ट्रिंग जावास्क्रिप्ट यूटीसीची मध्यरात्र मानते, त्यामुळे यूटीसीच्या मागे असलेल्या प्रदेशांत आदल्या दिवसाची संध्याकाळ दिसते. गंमत अशी, की त्याच स्ट्रिंगला वेळ जोडली आणि कालविभाग (टाइम झोन) लिहिला नाही, तर ती स्थानिक वेळ मानली जाते.

जन्मतारीख, सुट्टी, देय दिनांक यांना वेळ जोडूच नये; दहा अक्षरी स्ट्रिंग पाठवावी आणि ती केवळ तारखेच्या प्रकारातच वाचावी. जावामध्ये असा ‘लोकलडेट’ प्रकार २०१४ पासून आहे.