सागरी रसायनशास्त्र, गोव्यातील

समुद्राच्या पाण्यात विरघळलेले वायू, पोषक क्षार व सेंद्रिय द्रव्ये यांचा अभ्यास करणारी आणि गोव्यात मुख्यत्वे दोनापावल येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत वाढलेली ज्ञानशाखा. शासकीय प्रयोगशाळा आणि विद्यापीठ या दोहोंत विभागलेली शास्त्रज्ञांची कारकीर्द, हे तिचे एक वैशिष्ट्य. पोर्तुगीज अमदानीत पणजीच्या वैद्यक विद्यालयात (स्थापना १८४२) रसायनशास्त्र औषधनिर्मितीच्या अंगाने शिकवले जाई. त्या परंपरेचा पुढील सागरी संशोधनाशी थेट संबंध जोडता येत नाही.

संस्थेचे मूळ आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेत आहे. या मोहिमेचा आरंभ काही लेखक १९५९, तर काही १९६० धरतात. समाप्ती १९६५ ही सर्वमान्य आहे. पाठोपाठ १ जानेवारी १९६६ रोजी वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेच्या (सीएसआयआर) छत्राखाली संस्था स्थापन झाली. पहिले संचालक एन. के. पणिक्कर हे प्राणिशास्त्रज्ञ होते. रासायनिक समुद्रविज्ञानाला वेगळी ओळख मिळाली ती आर. सेन गुप्ता व त्यांच्या सहकाऱ्यांच्या कामातून. ‘गवेषणी’ (१९७६) व ‘सागरकन्या’ (१९८३) ही संशोधन जहाजे मिळाल्यावर किनाऱ्यापासून दूरचे नमुने नियमितपणे हाती येऊ लागले.

प्राणवायू-न्यून स्तर : अरबी समुद्रात साधारण १५० ते १,००० मीटर खोलीच्या पट्ट्यात प्राणवायू जवळजवळ संपलेला असतो. १९३३–३४ च्या जॉन मरे मोहिमेतही (जहाज ‘माबाहिस’) ही न्यूनता नोंदवली गेली होती. ती मोजण्याची रूढ पद्धत विंक्लर यांची (१८८८). नमुन्यात मँगनीजचा क्षार व अल्कधर्मी आयोडाइड घालतात. प्राणवायू असेल तर तपकिरी साका बसतो. आम्ल घातल्यावर आयोडीन मुक्त होते आणि थायोसल्फेटने त्याचे अनुमापन करतात (किती थायोसल्फेट लागले, त्यावरून प्रमाण काढतात). पद्धत भरवशाची असली, तरी प्राणवायू शून्याच्या जवळ आला की ती फसवी ठरते. बाटली भरताना शिरलेली थोडीशी हवा किंवा रसायनांत आधीच विरघळलेला प्राणवायू आकडा फुगवतो. त्यामुळे जुन्या तक्त्यांतील अत्यल्प मूल्ये जशीच्या तशी घेऊ नयेत. खोल पाण्यात नायट्राइट साठलेले आढळणे हा त्याहून चांगला पुरावा मानला जातो, कारण तेथील सूक्ष्मजीव प्राणवायूऐवजी नायट्रेट वापरू लागल्याचे त्यावरून दिसते.

हा स्तर का निर्माण होतो, यावर मतभेद आहेत. उत्तरेकडे भूमीने बंदिस्त असल्याने येथले पाणी साचून राहते, असा जुना समज होता. पाणी बऱ्यापैकी वेगाने बदलते, पण वरून पडणाऱ्या सेंद्रिय द्रव्याच्या कुजण्यात प्राणवायू त्याहून वेगाने खर्च होतो, असे नंतरच्या अभ्यासकांचे म्हणणे आहे. एक कोडे मात्र उरते. वनस्पती-प्लवकांचे (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींचे) सर्वाधिक उत्पादन ओमान-सोमालियाच्या बाजूस, तर नायट्राइटचा पट्टा मध्य व ईशान्य भागात. पश्चिमेकडील पाण्याला अधिक ताजा पुरवठा होतो, हे स्पष्टीकरण सध्या अधिक समाधानकारक वाटते. नायट्रोजन नेमका कोणत्या प्रक्रियेने नाहीसा होतो, हा दुसरा वाद. विनायट्रीकरण (सूक्ष्मजीवांनी नायट्रेटचे नायट्रोजन वायूत रूपांतर करणे) की अमोनियाचे प्राणवायूविना ऑक्सिडीकरण (अ‍ॅनॅमॉक्स)? २००९ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या निबंधाने, ज्यात दोनापावलच्या शास्त्रज्ञांचा सहभाग होता, अरबी समुद्रापुरता कौल विनायट्रीकरणाला दिला. ओमानच्या किनाऱ्यालगत अ‍ॅनॅमॉक्सचे पुरावे पुढे आल्याने तो कौल सरसकट लावता येत नाही.

किनाऱ्यालगतची स्थिती : कांदोळीसमोर सुमारे २६–२८ मीटर खोलीच्या ठिकाणी १९९७ पासून नियमित मापने घेतली जातात. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात खालचे प्राणवायू-न्यून पाणी भूखंड मंचावर (किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्रतळावर) चढते. वर पाऊस व नद्यांच्या गोड्या पाण्याचा पातळ थर झाकणासारखा बसतो आणि सरमिसळ थांबते. सप्टेंबर-ऑक्टोबरात तळाशी हायड्रोजन सल्फाइड तयार होण्यापर्यंत मजल जाते. एस. डब्ल्यू. ए. नक्वी व सहकाऱ्यांनी २००० मध्ये या पाण्यातील नायट्रस ऑक्साइडचे फार मोठे प्रमाण दाखवले आणि शेतीतील खतांमुळे ही स्थिती तीव्र होत असावी, असे सुचवले. नैसर्गिक उद्वहन (खालचे पाणी वर येणे) हेच मूळ कारण, यावर दुमत नाही. वाढीचा कल मात्र वादग्रस्त आहे. हिंदी महासागरी द्विध्रुवाच्या धन अवस्थेत (महासागराचा पश्चिम भाग पूर्वेच्या मानाने अधिक उबदार असताना) प्राणवायूरहित स्थिती टळते, असे पुढील अभ्यासांत आढळल्याने, थोड्या वर्षांच्या नोंदींवरून कल ठरवताना सावध राहणे बरे. रापणकार (किनाऱ्यावरून जाळे ओढणारे मच्छीमार) व ट्रॉलरवाले यांच्या मासळीवर होणाऱ्या परिणामांची मोजदाद त्या मानाने तुटपुंजी आहे.

लोहाफेक्स : २००९ मध्ये ‘पोलारस्टर्न’ या जर्मन जहाजावरून प्लवक वाढून कर्ब खोल समुद्रात जातो का, हे पाहण्यासाठी दक्षिण महासागरात लोह सल्फेट पसरण्याचा भारत-जर्मन प्रयोग. नक्वी हे त्याच्या दोन प्रमुख शास्त्रज्ञांपैकी एक होते. पर्यावरणीय आक्षेपांमुळे जर्मन शासनाने तो काही काळ रोखून धरला होता. पाण्यात सिलिकेट कमी असल्याने डायाटम (सिलिकाचे कवच असलेले वनस्पती-प्लवक) फारसे वाढले नाहीत, जे प्लवक वाढले ते प्राणिप्लवकांनी खाल्ले आणि खोल समुद्रात कर्ब अल्पच गेला.

संस्था व विद्यापीठ : गोवा विद्यापीठ १९८४ च्या कायद्याने, प्रत्यक्षात जून १९८५ पासून, ताळगावच्या पठारावर सुरू झाले. त्यापूर्वी मुंबई विद्यापीठाचे पदव्युत्तर केंद्र पणजीत होते. संस्थेतील शास्त्रज्ञ विद्यापीठाचे मान्यताप्राप्त मार्गदर्शक आणि संशोधक विद्यार्थी संस्थेच्या प्रयोगशाळेत, अशी व्यवस्था त्यातून रुळली. सीएसआयआरच्या स्वतःच्या पदवीदात्या अकादमीला २०११ च्या कायद्याने मान्यता मिळाल्यावर या नात्याची गरज काहीशी घटली. संचालकपदाकडून कुलगुरूपदाकडे जाण्याची उदाहरणे आहेत : १९८१-८२ च्या पहिल्या भारतीय अंटार्क्टिक मोहिमेचे (प्रस्थान मार्मागोव्याहून) नेते एस. झेड. कासिम पुढे जामिया मिल्लिया इस्लामियाचे कुलगुरू झाले (१९८९–९१), तर सतीश शेट्ये २०१२ मध्ये गोवा विद्यापीठात आले. हे दोघे अनुक्रमे जीव व भौतिक समुद्रविज्ञानातले. रसायनशास्त्रज्ञ नक्वी (भटनागर पुरस्कार, १९९६) २०१२ मध्ये संस्थेचे संचालक झाले.

माशेल येथे जन्मलेले रघुनाथ माशेलकर (१९४३–    ) यांचा उल्लेख गोव्याच्या संदर्भात नेहमी होतो. परंतु रासायनिक अभियंता म्हणून त्यांचे काम पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत झाले. तेथील संचालकपदानंतर ते सीएसआयआरचे महासंचालक (१९९५–२००६) आणि पुढे मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचे कुलपती झाले.

स्पंज, खारफुटी इत्यादींपासून औषधी संयुगे वेगळी करण्याचे कामही दोनापावल येथे चालते.