नव्या कॅमशाफ्टची पहिली वीस मिनिटं

शेवरोलेचं स्मॉल ब्लॉक व्ही-8 इंजिन 1955 मध्ये आलं. जुन्या गाड्यांचे शौकीन ते आजही स्वतः बांधतात आणि त्यातले बरेच जण पहिल्याच दिवशी नवा कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, खाऊन टाकतात.

या इंजिनाचे टॅपेट (कॅमवर टेकून व्हॉल्व्हकडे हालचाल पोचवणारे दट्टे) म्हणायला चपटे, पण त्यांचा तळ किंचित फुगीर असतो आणि कॅमच्या लोबला, म्हणजे टॅपेट उचलणाऱ्या उंचवट्याला, अगदी बारीक उतार असतो. त्यामुळे लोब टॅपेटला मध्याच्या जरा बाजूला दाबतो आणि टॅपेट स्वतःभोवती फिरत राहतो. फिरणं थांबलं की एकाच जागी घासून लोब काही मिनिटांत सपाट होतो आणि लोखंडाचा भुगा तेलातून बेअरिंगपर्यंत पोचतो. म्हणून इनटेक मॅनिफोल्ड चढवण्याआधी प्रत्येक टॅपेटवर पेनाने खूण करा, क्रँक हाताने फिरवा आणि खूण सरकते का बघा. जुने टॅपेट नव्या कॅमवर कधीच नकोत.

आता स्प्रिंगचा हिशोब. व्हॉल्व्ह बंद असताना दाब 50 किलो, प्रत्येक मिलिमीटरला वाढ 6 किलो आणि उचल 11.5 मिमी धरली, तर पूर्ण उघडल्यावर 119 किलो होतात. टॅपेट आणि व्हॉल्व्ह यांच्यामधल्या रॉकरचं (तरफेचं) गुणोत्तर 1.5, म्हणजे लोबच्या टोकावर सुमारे 180 किलो! डबल स्प्रिंग असेल तर हा आकडा आणखी चढतो, म्हणून रनिंग-इनपुरत्या, म्हणजे नवा कॅम रुळेपर्यंतच्या पहिल्या चालवण्यापुरत्या, आतल्या स्प्रिंगा काढून ठेवाव्यात. स्प्रिंगची बसलेली उंची प्रत्येक व्हॉल्व्हवर वेगळी मोजा. सीट (व्हॉल्व्ह टेकतो ती कड) कापल्यावर ती वाढते आणि दाब कमी होतो. तो फरक शिमने (पातळ चकतीने) भरून काढायचा.

लोब आणि टॅपेटचा तळ यांना मॉलिब्डेनमची पेस्ट, टॅपेटच्या बाजूंना नुसतं तेल. डिस्ट्रिब्युटरच्या भोकातून ड्रिलने ऑइल पंप फिरवा, सगळ्या रॉकरवर तेल येईपर्यंत. टायमिंग आधीच लावा, कार्ब्युरेटर भरून ठेवा. सेल्फ मारत बसलात तर पेस्ट पुसली जाते.

सुरू होताच इंजिन 2000 आरपीएमवर न्या आणि वीस ते तीस मिनिटं 2000 ते 2500 मध्ये खालीवर करत ठेवा. आयडलिंग अजिबात नको. लोबना तेल मिळतं ते मुख्यतः क्रँकच्या शिंतोड्यांतून आणि मंद गतीत ते पुरेसं उडत नाही. शिवाय वेग असताना व्हॉल्व्हचं जडत्व लोबच्या टोकावरचा भार थोडा हलका करतं. आयडलिंगला स्प्रिंगचा जवळजवळ पूर्ण दाब टोकावरच येतो. इंजिन तापलं किंवा गळती दिसली तर बंद करा, दुरुस्त करा आणि पुन्हा थेट 2000 वर न्या.

तेल रनिंग-इनसाठीचंच घ्या, भरपूर जस्त-फॉस्फरसवालं. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होऊ नये म्हणून आजच्या पेट्रोल गाड्यांच्या 10डब्ल्यू-30 सारख्या तेलांत फॉस्फरस 0.08 टक्क्यांपर्यंतच ठेवतात. या कॅमला तेवढं पुरत नाही.

नंतर तेल आणि फिल्टर बदला. जुना फिल्टर कापून बघा: करडा लगदा पेस्टचा असतो, चकाकणारे कण मात्र धोक्याचे. आतल्या स्प्रिंगा परत घालायला हेड काढावं लागत नाही. पिस्टन वर आणून, स्पार्क प्लगच्या भोकातून सिलेंडरमध्ये हवा भरली की व्हॉल्व्ह जागेवर धरून राहतात.