८८ अंशांवर शिजणारा मोमो

ल्हासा शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ३,६५० मीटर उंचीवर आहे. तिथली हवा इतकी विरळ की पाणी साधारण ८८ अंश सेल्सिअसलाच उकळतं. आच कितीही वाढवा, उघड्या भांड्यातलं पाणी त्यापुढे तापत नाही. अशा पाण्यात डाळ तासन्‌तास ठेवली तरी धड मऊ होत नाही. तिबेटी लोकांचं रोजचं अन्न असलेला त्साम्पा म्हणजे जवाचं भाजलेलं पीठ. त्याला उकळावं लागतच नाही. आणि मोमो? तो तिथे उत्तम शिजतो.

कारण त्याला १०० अंशांची गरजच नसते. मैद्यातला स्टार्च ६० अंशांच्या आसपास पाणी पिऊन फुगू लागतो. खिमा मध्यापर्यंत ७१ अंशांना पोचला (कोंबडीचा असेल तर ७४) की खायला सुरक्षित. मांसाच्या अख्ख्या तुकड्यात जंतू बहुतेक वरच्या बाजूलाच असतात, पण खिमा करताना ते आतपर्यंत मिसळतात, म्हणून मधला भाग तापायलाच हवा. इथे मोमोचा लहान आकार कामी येतो: जाडी दुप्पट केली तर उष्णतेला मध्यापर्यंत पोचायला सुमारे चौपट वेळ लागतो. घरी हौसेने मोठाले मोमो वळणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

उष्णता आणते ती वाफ. एक ग्रॅम वाफेचं पाणी होताना सुमारे ५४० कॅलरी उष्णता बाहेर पडते. तेच एक ग्रॅम उकळतं पाणी ७० अंशांपर्यंत निवलं तर जेमतेम ३०. थंड पारीवर वाफेचे थेंब जमतात, ही सगळी उष्णता तिथेच सोडतात आणि पारी ओलीही ठेवतात. म्हणून पाणी खळखळून उकळू लागल्यावरच मोमो ठेवावेत आणि झाकण सारखं उघडू नये. आत हवा शिरली की वाफेचा जोर ओसरतो.

आता रस, म्हणजे माझ्या मते मोमोचा जीव. तो मिठावर अवलंबून आहे. पाव किलो खिम्याला पाऊण चमचा मीठ घालून आधी तेवढंच हाताने एकाच दिशेने फेटा. मिठामुळे मांसातलं मायोसिन हे प्रथिन सुटं होतं आणि खिमा चिकट, तारदार होतो. मग दोन-दोन चमचे करून थंड पाणी किंवा हाडांचा थंड रस्सा जिरवा. शिजताना मायोसिनची जाळी बनते आणि पाणी, चरबी तिच्यात अडकून राहतात. खिमा गार हवा, नाहीतर चरबी आधीच वितळून वेगळी होते. अगदी बिनचरबीचा खिमा मोमोत कोरडाच लागतो, त्यावर उपाय नाही. कांदा, आलं, लसूण अगदी शेवटी, कारण मिठाने कांद्याला लगेच पाणी सुटतं.

पारीच्या बाबतीत उकडीच्या मोदकांचा अनुभव इथे उलटा लागू होतो. तांदळाच्या पिठात ग्लुटेन (पीठ लवचिक ठेवून बांधून धरणारं प्रथिन) नसतं, म्हणून ते आधी उकडून स्टार्च चिकट करावा लागतो. मैद्यात ग्लुटेन असतं, त्यामुळे साधं पाणी पुरतं: पाव किलो मैद्याला साधारण सव्वाशे मिलिलिटर. मळून अर्धा तास झाकून ठेवा. तेवढ्यात ताणलेलं ग्लुटेन सैल पडतं आणि लाटलेली पारी मागे आखडत नाही. कडा पातळ, मध्य जरा जाड लाटा. कळ्या पाडल्यावर वरचा शेंडा जाड राहिला तर तो कच्चा लागतो.

मोदकपात्राच्या चाळणीला तेलाचं बोट फिरवा किंवा कोबीची पानं अंथरा. झाकणाला कापड बांधा, म्हणजे त्यावरचे थेंब मोमोंवर टपकणार नाहीत. महाराष्ट्रात कुठेही दहा-बारा मिनिटं पुरतात. उतरवल्यावर दोन मिनिटं थांबा, मग एका कडेला छोटासा घास घेऊन आधी रस ओढून घ्या. उरलेला मोमो चटणीत.