पडलेले शेअर आणि खान्देशची सबुरी

खान्देशात शेअरबाजाराचा विषय निघाला की तो अमळनेरवर येतोच. 1945 मध्ये तिथे वनस्पती तुपापासून सुरू झालेल्या वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्सची पुढे विप्रो झाली आणि ज्या घरांनी तिचे शेअर विकले नाहीत, त्यांच्याकडच्या मोजक्या शेअरांचे बोनस (फुकट मिळालेले जादा शेअर) आणि विभाजनांतून (एका शेअरचे अनेक होणे) मोठे धन झाले. ‘शेअर धरून ठेवावा’ हा धडा आपल्याकडे रुजला तो तिथून. कंपनीचा नफा दशकानुदशके वाढत होता म्हणून ती सबुरी फळली, ही बाजू मात्र मागे पडली आणि तोच धडा कोसळलेल्या शेअरांनाही लावला जाऊ लागला.

कापसाच्या सवयीने या समजाला बळ दिले असावे. 2022 मध्ये क्विंटलला दहा हजारांवर गेलेला भाव परत येईल, या आशेवर पुढच्या हंगामात अनेकांनी माल घरात भरून ठेवला. भाव आला नाही, तरी कापसाला काही ना काही मोल मिळालेच. शेअरचे तसे नाही. 2016 च्या दिवाळखोरी संहितेनुसार बुडालेल्या कंपनीच्या पैशांवर समभागधारकांचा हक्क सर्वांत शेवटी येतो. 2021 मध्ये दिवाण हाउसिंग या बुडालेल्या गृहकर्ज कंपनीचे शेअर बाजाराच्या यादीतून काढून टाकण्यात आले आणि भागधारकांना एक रुपयाही मिळाला नाही.

धुळे जिल्ह्यात साक्रीच्या पठारावर ज्यांच्या पवनचक्क्या फिरतात, त्या सुझलॉनचा इतिहास अधिक बोलका आहे. जानेवारी 2008 मध्ये साडेचारशेच्या घरात असलेला शेअर वर्षभरात पंचेचाळीसच्या आसपास आला, तेव्हा ‘नव्वद टक्के पडला, आता आणखी किती पडणार’ असे म्हणून तो घेणारे पुष्कळ होते. परदेशातील कंपन्यांच्या खरेदीसाठी सुझलॉनने काढलेले कर्ज मात्र तसेच होते. ऑक्टोबर 2012 मध्ये परिवर्तनीय रोख्यांची (शेअरांत बदलता येणाऱ्या कर्जरोख्यांची) परतफेड थकली आणि 2020 मध्ये शेअर दोन रुपयांपर्यंत उतरला, म्हणजे पंचेचाळीसला घेणाऱ्याचेही पंचाण्णव टक्के गेले. कर्ज फिटत आल्यावर 2024 मध्ये भाव ऐंशीपार गेला खरा. पण दरम्यान नवे शेअर काढले गेल्याने शेअरांची संख्या सुमारे दीडशे कोटींवरून साडेतेराशे कोटींवर गेली होती. त्यामुळे कंपनीचे एकूण बाजारमूल्य 2008 च्या शिखरापेक्षा जास्त भरले, तरी एका शेअरचा भाव त्या शिखराच्या पाचव्या हिश्शाच्या आसपासच राहिला. निव्वळ भावाचा आलेख पाहणाऱ्याला ही गोष्ट कळत नाही.

जळगावच्या जैन इरिगेशनचे पतमानांकन (कर्ज फेडण्याच्या कुवतीला दिलेली श्रेणी) 2019 मध्ये थकबाकीच्या श्रेणीत गेले आणि 2018 च्या सुरुवातीला दीडशेच्या आसपास असलेला शेअर मार्च 2020 मध्ये एक आकडी झाला. कारखाना डोळ्यांसमोर चालू असतो, म्हणून ताळेबंदही ठीक असेल, असे धरून चालणे किती महागात पडते, हे तेव्हा दिसले.

म्हणूनच भाव पाहण्याआधी कर्ज, प्रवर्तकांनी (कंपनी चालवणाऱ्या मूळ मालकांनी) तारण ठेवलेले शेअर आणि धंद्यातून प्रत्यक्ष हाती येणारी रोकड पाहावी. खरेदीचे कारण लिहून ठेवावे आणि ते खोटे ठरल्यास खरेदीची सरासरी किंमत खाली आणण्यासाठी आणखी शेअर घेऊ नयेत. पैशांची मर्यादाही खरेदीपूर्वीच ठरवावी, कारण लोअर सर्किट (दिवसातल्या घसरणीची ठरलेली मर्यादा) लागलेल्या शेअरला विक्रेते असंख्य असतात आणि घेणारा नसतो. तेव्हा बाहेर पडण्याचा निर्णय झाला तरी सौदा होत नाही.