किक टर्न : उभ्या उतारावर थांबून वळण्यामागचा इतिहास

पुण्याहून गुलमर्ग किंवा औलीला स्कीइंग शिकायला गेलेल्याची खरी अडचण स्नोप्लाऊ (स्कीची पुढची टोकं जवळ, मागची लांब ठेवून वेग रोखणं) जमल्यानंतर सुरू होते. उभ्या उतारावर आडवं सरकत कडेला पोचलं, की तोंड फिरवायचं कसं?

यावरची उत्तरं टप्प्याटप्प्याने आली. नॉर्वेतल्या टेलिमार्कच्या सोंद्रे नॉरहाइमने १८६८ मध्ये क्रिस्तियानियाच्या (आजचं ऑस्लो) स्पर्धेत चालत्या स्कीवरची वळणं दाखवली. आल्प्सचे उतार त्याहून उभे. तिथे ऑस्ट्रियाच्या माथियास झ्डार्स्कीने स्की आखूड केल्या, धातूचं बाइंडिंग (बूट स्कीला जखडणारी पकड) बसवलं आणि एकाच काठीच्या आधाराने वेग ताब्यात ठेवणारं स्टेम वळण (एका स्कीचं मागचं टोक बाहेर ढकलून घ्यायचं) शिकवलं. १९२० च्या दशकात हान्नेस श्नायडरच्या आर्लबर्ग पद्धतीने स्नोप्लाऊ, स्टेम, ख्रिस्ती (स्की समांतर ठेवून घसरत घेतलेलं वळण) असा क्रम लावून दिला. भारतात स्की क्लब १९२७ मध्ये गुलमर्गला निघाला.

या सगळ्या वळणांत एक क्षण असा येतो, की स्कीची टोकं थेट दरीकडे असतात आणि वेग एकदम वाढतो. अरुंद घळीत, कडक बर्फावर किंवा झाडांच्या दाटीत तेवढी जागाच नसते. म्हणून उभ्याउभ्या वळायचा जुना किक टर्न आजही शिकायलाच हवा.

आधी फॉल लाईन ओळखा : बर्फाचा छोटा गोळा सोडा, तो घरंगळेल ती दिशा. दोन्ही स्की तिला बरोबर काटकोनात ठेवा, स्कीच्या चढाकडच्या कडा बर्फात रुतवा. बर्फ मऊ असेल तर पाय आपटून ओटा करा. तोंड दरीकडे करून दोन्ही पोल (हातातल्या काठ्या) मागे, चढाच्या बाजूला, रुंद अंतरावर रोवा. मग खालची स्की झटक्यात पुढे उचला, तिचं मागचं टोक दुसऱ्या स्कीच्या पुढच्या टोकाजवळ बर्फात टेकवा आणि स्की बाहेरून फिरवून उलट दिशेने समांतर ठेवा. तिच्यावर पूर्ण वजन आलं, की वरची स्की, तिचं पुढचं टोक उचलून धरत, पोलसह फिरवून आणा.

फसतं ते बहुधा पहिल्याच पायरीला. काटकोन चुकला, तर वजन घेणारी स्की पुढे किंवा मागे निसटते. दुसरी चूक भीतीपोटी होते : माणूस डोंगराकडे रेलतो, खालच्या स्कीवरचं वजन जातं, कडा सुटते आणि तो बसकण मारतो. पाय उलटसुलट असताना थबकणंही वाईट, गुडघ्याला पीळ बसतो. आणि हिमप्रपाताच्या वाटेत वळायला थांबूच नका. बहुतेक पाटीप्रपात (बर्फाचा अख्खा थर पाटीसारखा सुटून येणारे हिमप्रपात) ३० ते ४५ अंशांच्या उतारावर सुटतात.

खुबा मोकळा नसेल, तर स्की फिरतच नाही. निघण्याआधी महिनाभर वेताळ टेकडीच्या उतारावर दोन काठ्या घेऊन पावलं उलट दिशांना ठेवण्याचा सराव करा, तोही दोन्ही बाजूंनी. एकाच बाजूने जमणारा पुढच्या कडेला अडकतो.