भिंत हलते, संडास हलत नाही

फोंड्यातल्या आमच्या फ्लॅटच्या हॉलमध्ये चवथीला गणपतीच्या डोक्यावर फळापानांची माटोळी बांधली की माणसांना बसायला जागा उरत नाही. शेजारची खोली मात्र रिकामीच. मधली भिंत चार इंची विटांची आहे. इंजिनिअरने येऊन पाहिलं आणि ती काढता येईल म्हणाला, कारण इमारतीचा भार खांब-तुळया पेलतात. गावच्या चिऱ्यांच्या घरात हे चाललं नसतं. तिथे कौलांचं सगळं ओझं भिंतींवरच असतं.

डच वास्तुविशारद जॉन हाब्राकन यांनी १९६१ सालीच हा विचार मांडला होता. सांगाडा, जिने, मुख्य नळवाहिन्या सगळ्यांच्या सामाईक; आतल्या खोल्या कशा पाडायच्या ते राहणाऱ्याने ठरवायचं. जपानमध्ये ओसाकाला १९९३ साली ‘नेक्स्ट २१’ नावाची १८ घरांची इमारत याच तत्त्वावर उभी राहिली.

खरी अडचण येते सांडपाण्याची. संडासाच्या चार इंची पाइपला मीटरमागे साधारण अडीच सेंटिमीटर उतार लागतो. संडास शाफ्टपासून, म्हणजे उभे पाइप खाली उतरतात त्या पोकळीपासून, चार मीटर दूर नेला, की नुसत्या उताराला दहा सेंटिमीटर जातात, वर पाइपची जाडी वेगळी. एवढी जागा लादीखाली हवी. आपल्याकडे स्लॅब खाली घेतात तो फक्त न्हाणी-संडासापुरता, म्हणून ते जन्मभर तिथेच अडकतात. ओसाकात सगळी जमीनच उचलून घेतली आणि खालच्या पोकळीतून पाइप फिरवले. खर्च वाढतो, पण घर मोकळं होतं. मला हा खर्च रंगीत लाद्यांपेक्षा कितीतरी मोलाचा वाटतो.

मूळ गोव्याचे वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी नवी मुंबईत बेलापूरला वेगळी वाट धरली. पणजीची कला अकादमी त्यांचीच. बेलापूरच्या वसाहतीत, १९८०च्या दशकात, त्यांनी शेजाऱ्यांमध्ये भिंत सामाईक ठेवलीच नाही. खोली वाढवायची तर कुणाचं तोंड बघायला नको. भाऊ वेगळे झाले की दुसरी चूल मांडायची, राजांगण, म्हणजे घरामधलं अंगण, मात्र एकच ठेवायचं, ही आपल्या जुन्या घरांची रीत मला तिथे ओळखीची वाटते. तिथेही सात-आठ घरांना मिळून एक अंगण आहे.

आमचा शाफ्ट इमारतीच्या मागच्या कोपऱ्यात आहे. त्यामुळे संडास आहे तिथेच राहील. भिंत मात्र यंदा जाणार. तिथे सरकती दारं येतील. चवथीचे दिवस उघडी, एरवी आजीची झोपमोड नको म्हणून बंद.